सही मिळाली, कीटण राहिलं: क्लिनिकल पोस्टिंगमध्ये या चुका टाळा

टायपोडाँटची, म्हणजे सरावासाठीच्या नकली जबड्याची, जीभ हलत नाही, त्याला लाळ सुटत नाही आणि तो मध्येच "अजून किती वेळ?" असं विचारत नाही. डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात पहिल्यांदा खऱ्या पेशंटच्या तोंडात स्केलर (दातांवर साठून कडक झालेला थर, म्हणजे कीटण, खरवडायचं हत्यार) घालताना हात थरथरतो, तो त्यामुळेच. त्या थरथरीची मला फारशी काळजी वाटत नाही. हात सरावानं बसतो. शेवटच्या पोस्टिंगपर्यंत टिकून राहतात त्या चुका वेगळ्याच, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: केस पेशंटसाठी नाही, कोट्यासाठी केली जाते. इतक्या केसेस, तपासणाऱ्या शिक्षकांच्या इतक्या सह्या, आणि दुपार झाली की ओपीडी बंद. मग कात्री लागते ती हिस्टरीला, तपासणीला आणि पेशंटशी बोलण्याला.

"शुगर आहे का?" असं विचारू नका

केस पेपरवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे चौकोन असतात. विद्यार्थी ते वाचत जातो, पेशंट "नाही, नाही" म्हणत जातो आणि हिस्टरी संपते. पुढे हिरडीतून रक्त थांबेना झालं की कळतं, काका रोज रक्त पातळ करायची गोळी घेतात. काका खोटं बोललेले नसतात. गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणजे आपल्याला आता आजार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. म्हणून आजार विचारण्याऐवजी गोळी विचारा: सकाळी उठल्यावर कुठली घेता, जेवणाआधी कुठली, झोपताना कुठली? नाव आठवत नसेल तर पिशवीतलं पाकीट बघा, नाहीतर घरी फोन लावायला सांगा. घरात कुणीतरी एक जण असतोच ज्याला सगळ्या गोळ्या तोंडपाठ असतात.

अशी गोळी सापडली तर "दोन दिवस बंद करून या" हे स्वतःच्या मनानं सांगायचं नाही. साध्या स्केलिंगसाठी ॲस्पिरिन सहसा बंद करत नाहीत. ती थांबवण्यातला धोका थोड्या जास्तीच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. निर्णय डॉक्टरांचा, माहिती पोचवणं तुमचं काम. हृदयाची झडप बदललेला पेशंट असेल तर स्केलिंगच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. ही गोष्ट अर्धा जबडा साफ करून झाल्यावर कळली तर काय उपयोग?

पेपरवर सहसा न छापलेला एक प्रश्नही विचारा: "काही खाल्लंय का?" सरकारी ओपीडीत लोक पहाटेची एसटी पकडून येतात, केस पेपरच्या रांगेत उभे राहतात आणि बाराच्या सुमाराला तुमच्या चेअरवर पोचतात. मधुमेहाची गोळी घेतलेली, पोटात काही नाही, त्यात एखाद्या आजींची चतुर्थी. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर स्केलर खाली ठेवून डॉक्टरांना हाक मारा. पेशंट शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. उपास मोडतो म्हणून आजी नको म्हणतील. तेव्हा ऐकायचं नसतं. नुसती भीतीनं भोवळ आली असेल तर चेअर आडवी करून पाय वर घ्यायचे. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला मात्र सपाट झोपवू नका. उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला थोडं डावीकडे कलतं ठेवा.

मान तुमची, तोंड पेशंटचं

दिसत नाही म्हणून विद्यार्थी स्वतःची मान वाकवतो. खरं तर पेशंटला हनुवटी वर-खाली करायला सांगायला दोन सेकंद लागतात: वरच्या दातांसाठी हनुवटी वर, खालच्यांसाठी खाली. पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला हवं. आरसा गाल ओढायलाच वापरणारे पुष्कळ असतात; त्यात बघायला शिकलात तर अर्धी कंबरदुखी टळते. बोटाचा टेकाही महत्त्वाचा. अनामिका त्याच जबड्यातल्या, काम चाललंय त्याच्या जवळच्या पक्क्या दातावर हवी. गालावर किंवा हलणाऱ्या दातावर टेकलात की पेशंटनं मान वळवताच स्केलर हिरडीत.

गुळगुळीत म्हणजे स्वच्छ नव्हे

सगळ्यात जास्त वेळ मी या चुकीवर घालवते, कारण ती करणाऱ्याला आपण चुकलो हेच कळत नाही. स्केलर बोथट आहे किंवा कोन चुकलाय. विद्यार्थी हलक्या हातानं पुन्हा पुन्हा घासतो. कीटणाचा वरचा थर निघतो, खालचा दाताला चिकटून राहतो आणि घासून घासून चक्क गुळगुळीत होतो. एक्सप्लोरर, म्हणजे खडबडीतपणा चाचपायची बारीक टोकाची सळी, त्यावरून सरकतो, दात झाल्यासारखा वाटतो आणि कधीकधी सहीसुद्धा मिळते. असं तासलेलं कीटण नंतर काढणं मूळच्या कीटणापेक्षा अवघड असतं, कारण पात्याला धरायला कडाच उरत नाही.

हिरडीखाली पातं सरकवताना ते दाताला जवळजवळ चिकटून जायला हवं. तळाशी पोचल्यावर ते उघडायचं आणि पात्याचा चेहरा (दोन कडांमधली सपाट बाजू) दाताशी ४५ ते ९० अंशांच्या मध्ये ठेवून ओढायचं. ४५ च्या खाली कीटण घासलं जातं, निघत नाही. ९० च्या वर गेलात तर हिरडी खरवडली जाते. ओढ छोटी, पण ठाम असावी. कीटणाच्या कडेखालून सुरू करा आणि बोटांनी न खेचता मनगटासकट हात फिरवा.

ग्रेसी क्युरेट, म्हणजे हिरडीखाली वापरायचं वाकड्या पात्याचं हत्यार, हातात आला की आणखी एक घोटाळा होतो. त्याची एकच कड कापते. दांड्याचा पात्यालगतचा शेवटचा भाग जमिनीला काटकोनात धरून पात्याकडे बघा. जी कड खाली झुकलेली दिसेल ती कामाची. दाढांच्या पुढच्या बाजूसाठी ११/१२ नंबरचा, मागच्या बाजूसाठी १३/१४ नंबरचा हे पाठ असूनही उलटी बाजू लावणारे दरवर्षी भेटतात. दाताजवळ नेल्यावर दांड्याचा तो शेवटचा भाग दाताच्या पृष्ठभागाला समांतर दिसत नसेल तर टोक बदला. धार तपासायची तर पातं दिव्याखाली धरा. बोथट कडेवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते, धारदार कडेवर ती दिसत नाही.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांवर चालणाऱ्या मशीनच्या, स्केलरनं प्रश्न सुटतो असं वाटतं, पण तो फक्त बदलतो. टोक दातावर उभं लावून दाबणं ही इथली मोठी चूक. त्यानं दातावर ओरखडे पडतात, आणि दाबल्यामुळे कंपन मंदावून कीटणही निघत नाही. टोकाची बाजू दाताला जवळजवळ समांतर ठेवून, हलक्या हातानं, सतत हलतं ठेवायचं. पेशंटला गार लागतं म्हणून पाणी कमी करू नका. पाण्याशिवाय टोक तापतं आणि ती उष्णता दाताच्या नसेपर्यंत जाते. कळ फार येत असेल तर पॉवर कमी करा, किंवा तेवढ्या दातांना हातानं स्केलिंग करा. छातीत पेसमेकर असेल तर मशीन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कीटण राहतं कुठे? खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. पण त्या जागा सगळेच साफ करतात. राहतं ते दोन दाढांच्या मध्ये आणि शेवटच्या दाढेच्या मागे. सही मागायला जाण्याआधी दात हवेच्या झोतानं कोरडे करा. ओलं कीटण दाताच्या रंगात लपतं, कोरडं झालं की खडूसारखं पांढरट दिसतं.

चार्टवर सगळीकडे ३-२-३

प्रोबिंग म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळीनं (प्रोबनं) दात आणि हिरडी यांच्यामधली खोली मिलिमीटरमध्ये मोजणं. त्याचा चार्ट बघूनच कळतं कुणी मोजलंय आणि कुणी भरलंय. प्रत्येक दाताला सहा जागा असतात. प्रोब टोचायचा नाही, हिरडीच्या आत मिलिमीटर-मिलिमीटरनं चालवायचा. जोर अगदी कमी, साधारण २५ ग्रॅम. दोन दातांच्या मध्ये प्रोब किंचित तिरका करून संपर्कबिंदूच्या, म्हणजे दात एकमेकांना टेकतात त्या जागेच्या, खाली न्यावा लागतो, नाहीतर सगळ्यात खोल खिसा (दातापासून सुटलेल्या हिरडीची पोकळी) नेमका तिथेच सुटतो. रक्त लगेच दिसत नाही, काही सेकंद थांबून बघा. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून ती निरोगी समजू नका.

डाग काढले, गाल बघितलाच नाही

आपल्याकडच्या ओपीडीतली ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. काळे-तपकिरी डाग घेऊन पेशंट येतो, विद्यार्थी दात चकचकीत करतो, पेशंट खूश, केस पूर्ण. ओठ उलटून कुणी बघत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं काय सांगतात ते चेअरशेजारी उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, आणि चुना लावून मळलेली तंबाखू तर सगळीकडे.

"तंबाखू खाता का?" याला मावशी ठामपणे "नाही बाई" म्हणतात, कारण मिश्री लावणं त्यांच्या लेखी तंबाखू खाणं नसतंच. म्हणून "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?" असं नाव घेऊन विचारा. काकांना विचारा, "बार कुठल्या बाजूला धरता?" आणि पहिली नजर तिथेच टाका. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही दिसलं तर स्केलिंग राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून ताठ लागत असेल तर तेही. अशा पेशंटला "अजून मोठं उघडा" म्हणून दटावू नका. त्याचं तोंड उघडतच नाही, हाच त्याचा आजार आहे.

दटावल्यानं तंबाखू सुटत नाही, पेशंट मात्र परत येत नाही. हातात आरसा देऊन त्याचं त्याला दाखवा आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर केस पेपरच्या मागे लिहून द्या.

"तुम्ही माझे दात ढिले केलेत"

हे वाक्य ऐकावं लागणारच. वर्षानुवर्षांचं कीटण निघालं की दातांमध्ये फटी दिसतात, उघड्या पडलेल्या मुळांना गार पाणी झोंबतं आणि कीटणानं एकमेकांना जखडलेले दात सुटे वाटतात. हाड आधीच झिजलेलं असतं, फक्त ते झाकलेलं होतं. पण हे स्केलिंगनंतर सांगितलं तर सबब वाटते. आधी सांगा, आरशात कीटण दाखवून सांगा: "हे काढल्यावर इथे फट दिसेल आणि काही दिवस गार-गरम झोंबेल." मग तेच पेशंट गावातल्या चार जणांना घेऊन येतात.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं हायजिनिस्टच्या कामात दात खरवडणं, साफ करणं आणि पॉलिश करणं यांच्या जोडीला तोंडाची निगा शिकवणंही धरलंय. प्रत्यक्षात हे शिकवणं "दोन वेळा ब्रश करा" एवढ्यावर आटोपतं. त्याऐवजी पेशंटच्या हातात ब्रश द्या आणि "रोज करता तसं करून दाखवा" म्हणा. बहुतेक जण आडवं घासतात. प्लाक, म्हणजे दातांवरचा मऊ चिकट थर, रंगवणारं द्रावण लावा, राहिलेला रंग त्यांनाच शोधू द्या, मग ब्रशचे केस हिरडीच्या रेषेशी ४५ अंशांत कसे टेकवायचे ते दाखवा. मिश्रीच्या बोटाला सवयलेल्या आजींना ब्रश धरायलाच शिकवावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यायचा असतो.

टोचलं तर

स्केलर बोटात घुसला की विद्यार्थी तो प्रकार लपवतो, कारण ओरडा बसेल ही भीती. ग्लोव्ह काढा, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, बोट पिळू नका आणि लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितकी लवकर सुरू व्हावी लागतात. हेपटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते, म्हणजे पोस्टिंग लागल्यावर धावपळ करून ती पुरी होत नाही.

परत बोलवा

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. कोट्यात ती मोजली जात नाही म्हणून फारसं कुणी बोलवत नाही, आणि आपल्या कामाचं पुढे काय झालं हे विद्यार्थ्याला कधी कळतच नाही. बोलवा. पहिल्या दिवसाचा चार्ट शेजारी ठेवून त्याच सहा जागा पुन्हा मोजा. बाकी हिरड्या गुलाबी, घट्ट झाल्यात आणि एकाच जागी अजून रक्त येतंय असं दिसलं, तर पेशंटच्या ब्रशिंगला दोष देण्याआधी त्या जागी एक्सप्लोरर फिरवा. पुष्कळदा तिथे कीटणाचा एक तुकडा तसाच राहिलेला असतो.