पेन्सिलीआधी रव्याचं ताट

बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना पेन्सिल दिली की ती इतकी घट्ट धरतात की बोटं दुखतात, आणि चुकलेलं अक्षर पाटीवर तसंच दिसत राहिल्यानं हिरमुसतात. त्यावर रव्याचं ताट हा उपाय मला फार आवडतो.

१. काठ असलेल्या स्टीलच्या ताटात तळाच्या मापाचा लाल किंवा काळा घोटीव कागद कापून बसवा. नुसत्या स्टीलवर रवा उठून दिसत नाही.

२. त्यावर वाटीभर जाडा रवा पसरा. थर पातळच हवा, बोट फिरवलं की खालचा रंग दिसला पाहिजे. बारीक रवा बोटांना चिकटतो. पावसाळ्यात रवा आधी कोरडाच भाजून पूर्ण गार करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

३. आधी उभ्या-आडव्या रेषा, मग गोल, मग ट, र, ग, म. तुम्ही शेजारच्या ताटात हळू काढा, मूल बघून काढेल. चुकलं तर ताट जरासं हलवायचं, पाटी कोरी! ही हलवण्याची मजा मुलांना इतकी येते की एकेक अक्षर ती आपणहून पाच-सहा वेळा काढतात.

वर्ग सुटल्यावर रवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर मुंग्या लागतात.

रव्याऐवजी रांगोळी मात्र वापरू नका. ती दगडाची भुकटी असते, आणि या वयात हात सारखे डोळ्यांकडे नि तोंडाकडे जातात.