डेकोराच्या नॉर्वेजियन घराण्याची वंशावळ काढताय? मग या चुका टाळा

माझं सासर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं, डेकोराजवळचं, विनेशिक काउंटी. सासरे मूळचे नॉर्वेजियन, त्यांचे पूर्वज १८५० नंतर इथे आले आणि शेतीला लागले. गेली दहा-बारा वर्षं मी त्यांची वंशावळ काढतेय, आणि आता नात्यातलं कोणीही उठून फोन करतं की आमचीपण काढून दे, एका वीकेंडचं काम आहे ना. वीकेंडला लेफ्से (बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्या) लाटून होतात हो, वंशावळ नाही. त्याच त्याच चुका निस्तरून कंटाळा आला म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडनाव धरून शोधायचं. ओल्सन हे मुळात आडनावच नव्हतं. ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा, बस. ओले क्नुटसनला मुलगा झाला आणि नाव ठेवलं हान्स, तर तो हान्स ओल्सन, आणि त्याची बहीण ओल्सडाटर. आपलं मधलं नाव कसं, अगदी तसं. त्यावर तिसरं नाव लागतं ते शेताचं, बाक्केन म्हणजे चढ, हाउगेन म्हणजे टेकाड, असल्या धर्तीची. ऐकायला आपल्या सातारकर-चिपळूणकरसारखं वाटतं पण यात मेख अशी की माणसाने शेत बदललं की नावही बदलतं, बायकोच्या शेतावर राहायला गेला तर त्या शेताचं लागतं. कायमचं आडनाव नॉर्वेत कायद्याने सक्तीचं झालं तेच मुळी १९२३ मध्ये. आणि इकडे आयोवात पोचल्यावर एक भाऊ ओल्सन राहिला, दुसऱ्याने शेताचं नाव लावलं, सख्खे भाऊ आणि एकाच दफनभूमीत दोन वेगळी आडनावं. त्यामुळे वंशावळीच्या साइटवर ओल्सन टाइप करून आलेल्या हिंटवर क्लिक क्लिक करत जाणाऱ्यांना मी हात जोडते.

हात जोडते कारण मीही तेच केलंय. सासऱ्यांचे पणजोबा ओले ओल्सन, बायको अ‍ॅने, एवढंच घरात माहीत होतं. साइटवर टाकलं तर त्याच टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या त्याच भागात, ओले ओल्सन मिळाला, बायको अ‍ॅने, वयही जुळतं. वर तो सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलेला. मग काय, मी हवेत. पैसे भरून विधवेची पेन्शन फाइल मागवली, आठ महिने त्यावर घालवले, त्या लढायांचे नकाशेसुद्धा प्रिंट केले. थँक्सगिव्हिंगला सगळे जमले होते तेव्हा टेबलावर फाइल ठेवली आणि सांगितलं की आपले पणजोबा १८६४ मध्ये युद्धात मारले गेले. सगळे गप्प झाले, एकाने तर डोळे पुसले. सासूबाई लेफ्शाला लोणी लावून साखर भुरभुरवत होत्या, त्यांनी गुंडाळी करता करता विचारलं, मग ह्यांचे आजोबा १८७१ ला कसे जन्मले?

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सासऱ्यांच्या आजोबांची तारीख माझ्याच चार्टवर होती, मीच लिहिलेली, पेन्शनच्या नादात तिकडे बघितलंच नाही. नंतर ल्युथरन चर्चचं रजिस्टर काढलं तेव्हा कळलं की दोन ओले, दोघांच्या बायका अ‍ॅने, पण शेतांची नावं वेगळी. पाद्र्याने बिचाऱ्याने व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. सेन्सस घेणाऱ्याला त्याचं काय, त्याने दोघांना ओल्सन करून टाकलं.

तेव्हापासून माझी सवय अशी की माणूस नावावरून नाही, जमिनीवरून ओळखायचा. इथली टाउनशिप साधारण सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. प्लॅट मॅपवर कोणाची जमीन कुठल्या सेक्शनमध्ये ते दिसतं. दोन ओले ओल्सन असू शकतात पण एकाच सेक्शनच्या त्याच ८० एकरांवर दोघं नसतात. आपल्याकडे सातबारा बघतात ना, तोच प्रकार. मी वहीत एका माणसाला एक पान देते, वरती सेक्शन नंबर, खाली शेजारी कोण आणि मुलांच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण. सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं म्हणे. येत असेल, माझी वही मला पुरते.

दुसरी चूक एलिस आयलंडची, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्याची. "आमचं नाव एलिस आयलंडला बदललं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती मान डोलवते. एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. तुमचे खापरपणजोबा १८५३ मध्ये विनेशिकला नांगर धरून उभे होते, ते तिथून कसे येतील? शिवाय तिथले कारकून नावं बदलत नसत, जहाज निघतानाच तयार झालेल्या यादीशी ताडून बघत. नाव बदललं ते नंतर, शाळेत नाहीतर दुकानाच्या खात्यात, आणि बहुतेक वेळा आपणहून. त्या काळात बरेचसे नॉर्वेजियन उतरले कॅनडातल्या क्युबेकला, कारण परतीला लाकूड भरून न्यायचं म्हणून जहाजं तिकडे जायची, मग तिथून ग्रेट लेक्समधून मिलवॉकी किंवा शिकागो. क्युबेकच्या प्रवासी याद्या टिकल्यात त्या १८६५ पासूनच्या. त्याआधीचा माणूस असेल तर न्यूयॉर्कच्या याद्यांमध्ये डोकं फोडू नका, नॉर्वेच्या चर्च रजिस्टरमध्ये गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी असते ती बघा. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखांच्या साइटवर, डिजिटालआर्किवेटवर, फुकट आहे, फक्त जुनं गॉथिक अक्षर लावायला शिकावं लागतं आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

१८९० चा सेन्सस शोधू नका, वॉशिंग्टनला १९२१ मध्ये आग लागली त्यात जवळपास सगळा गेला. त्याऐवजी आयोवाचे स्वतःचे राज्य सेन्सस घ्या, १८८५, १८९५ आणि माझा सगळ्यात लाडका १९२५ चा, त्यात आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं नावसुद्धा.

कोर्टहाउसला जाऊन १८७० चा जन्मदाखला मागू नका. आयोवात नोंदणी १८८० च्या जुलैत सुरू झाली, तिथल्या बाईंचा वेळ घेऊ नका, चर्च गाठा.

जमिनीच्या कागदावर सैनिकाचं नाव दिसलं म्हणून पूर्वज सैनिक ठरत नाही. सैनिकांना मिळालेली जमिनीची वॉरंटं (हक्कपत्रं) सर्रास विकली जायची, तुमच्या पूर्वजाने ते बहुतेक विकत घेतलेलं असतं.

१८८० च्या आसपासचे जाडजूड काउंटी इतिहास वाचा जरूर, पण ज्यांनी वर्गणी भरली त्यांचीच चरित्रं त्यात असतात हे लक्षात ठेवा. त्यात सगळेच कष्टाळू आणि सगळेच सज्जन. आणि "पहिला रहिवासी" हा शब्द तिथून उचलून तसाच्या तसा लिहू नका. डेकोरा आणि विनेशिक ही दोन्ही नावं हो-चंक या इथल्या मूळच्या जमातीच्या पुढाऱ्यांची आहेत. त्या लोकांना १८४८ मध्ये मिनेसोटात हलवलं आणि पुढच्याच वर्षी गाव वसलं, म्हणजे पहिले कोण ते तुम्हीच बघा.

थडग्याचा दगड वाचता येत नाही म्हणून त्यावर शेव्हिंग क्रीम फासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, आणि संध्याकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा बाजूने आरसा धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. आम्हाला दोन्ही ओले असेच सापडले, चाळीस पावलांच्या अंतरावर. एकाच्या दगडावर झेंडा लावलेला असतो, मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, मी त्याच्यापाशीही फुलं ठेवून येते, आठ महिने आमच्या घरचा होता तो.