उडणारी यंत्रं ओळखताना या चुका टाळा

आकाशात काही उडताना दिसलं की नजर आधी पंख्यावर जाते. डोक्यावर पाती फिरतायत? हेलिकॉप्टर. नाकावर पंखा आहे? जुनाट विमान. निम्मे घोटाळे इथेच होतात. आधी बघायचं ते हे, की यंत्राला हवेत तोलून कोण धरतंय: हलका वायू, स्थिर पंख की फिरती पाती?

सगळ्यात जास्त फसगत होते जायरोकॉप्टरच्या बाबतीत. लोक त्याला सरसकट छोटं हेलिकॉप्टर म्हणून मोकळे होतात. पण उडताना त्याच्या डोक्यावरच्या पात्यांना इंजिन फिरवतच नाही. इंजिन फक्त दुसरा पंखा फिरवून यंत्राला पुढे नेतं. मग समोरून येणारी हवा पात्यांमधून खालून वर जाते आणि पाती आपसूक फिरत राहतात. म्हणूनच वारा पडलेला असेल तर जायरोकॉप्टर एका जागी तरंगत राहू शकत नाही. हेलिकॉप्टर राहतं, कारण त्याचं इंजिन पाती फिरवून हवा खाली लोटत असतं.

लांबून ओळखायचं तर फिरत्या पात्यांची जी चकती दिसते तिचा कल बघा. वेगाने पुढे जाताना हेलिकॉप्टरची चकती पुढे झुकते, जायरोकॉप्टरची मागे रेललेली असते. शेपटीच्या छोट्या पंख्यावर मात्र फार विसंबू नका. चिनूक हेलिकॉप्टरला तो नसतोच. तो पंखा यंत्राला पात्यांच्या उलट दिशेने गरगरण्यापासून रोखतो; चिनूकमध्ये मोठ्या पात्यांचे दोन संच उलटसुलट फिरून एकमेकांचा हा पीळ काढतात. आणि जायरोकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टरची नवी, स्वस्त नक्कल, हाही गैरसमजच. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वा यांचं ऑटोगायरो, म्हणजे जायरोकॉप्टरच, १९२३ मध्येच उडालं होतं, तेव्हा कामाचं हेलिकॉप्टर कोणाकडेच नव्हतं.

इंजिन बंद पडलं की यंत्र दगडासारखं खाली येतं, हे तर अगदी घट्ट रुजलेलं. तसं होत नाही. हेलिकॉप्टरचा वैमानिक लगेच पात्यांचा कोन कमी करतो, खालून येणारी हवा ती फिरवत ठेवते आणि काही वेळापुरतं ते जायरोकॉप्टरसारखंच वागतं. अर्थात त्यासाठी हाताशी पुरेशी उंची किंवा वेग हवा. स्थिर पंखांचं विमान तर सरळ ग्लायडर होतं. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं एक बोइंग ७६७ तरंगत येऊन गिमली इथे उतरलं आणि आतले सगळे वाचले.

पंख्याचं विमान म्हणजे जुनं तंत्र, असंही समजू नका. एटीआर ७२ या प्रवासी विमानाचा पंखा टर्बाइन इंजिनच फिरवतं, जेट विमानात असतं त्याच जातीचं.

फुगा आणि एअरशिप यांतला फरक सोपा आहे. फुगा वारा नेईल तिकडे जातो, एअरशिपला इंजिन आणि सुकाणू असतं. झेपेलिन आणि ब्लिंप यांत मात्र लोक हमखास अडखळतात. झेपेलिनच्या आत सांगाडा असतो, ब्लिंपचा आकार निव्वळ आतल्या वायूच्या दाबावर टिकतो. गंमत म्हणजे गुडइयर या टायर कंपनीच्या नव्या एअरशिपमध्ये अर्धवट सांगाडा आहे, तरी सगळे तिला ब्लिंपच म्हणतात.

पॅराग्लायडर आणि हँग ग्लायडरमध्येही सांगाडाच बघायचा. पहिल्याचा पंख नुसता कापडी, हवेने फुगणारा. दुसऱ्याच्या पंखात नळ्या असतात.

राहिला ड्रोन. चार पंखे असले म्हणजेच ड्रोन, असं नाही. आत वैमानिक नाही, एवढीच त्याची खूण. अमेरिकेच्या रीपर ड्रोनला विमानासारखे स्थिर पंख आहेत आणि त्यांचा विस्तार सुमारे २० मीटर आहे.