खोडलेला मेल गेलेला नसतो

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा खरेदी-विक्रीच्या ऑफिसात मी पहिली नोकरी धरली. हुद्दा ‘कॉम्प्युटरवाला’. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि मेल उघडत नसला तरी मीच. बीएस्सीला नेटवर्किंगचा पेपर चांगला गेला होता, त्यामुळे मेलमधलं आपल्याला सगळं समजतं असा माझा समज होता. तो पंधरा दिवस टिकला.

एकच मेलबॉक्स तीन कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडायचा. आंबिया बहाराची तोड जोरात होती. गाडी नंबर, पेट्या, दर, सगळं मेलवर यायचं. हिशेबाच्या टेबलावरच्या काकांच्या स्क्रीनवर बघतो तर निम्म्या ओळींवर काट मारलेली. मला वाटलं, कचरा साचलाय. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ दाबलं. काट मारलेल्या सगळ्या ओळी गायब.

‘‘अबे पोट्ट्या, माह्या ओळी कुठं गेल्या बे?’’

काकांच्या लेखी काट म्हणजे काम झालं. रजिस्टरात पैसे जमा झाले की ते तांबड्या शाईनं ओळ खोडत. ओळ खोडली म्हणून कोणी पान फाडत नाही. कोणीतरी त्यांच्या थंडरबर्डमध्ये ‘फक्त डिलीटची खूण करा’ ही सेटिंग लावून ठेवली होती, आणि ती काकांच्या सवयीत अगदी फिट बसली होती. पान फाडलं ते मी.

या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून बघायच्या पद्धतीत, डिलीट हे एक काम नाही, दोन आहेत. आधी मेलवर ‘डिलीटेड’ हा फ्लॅग, म्हणजे खूण, लागतो. मेल सर्व्हरवर जिथं होता तिथंच असतो, फ्लॅग काढला की पुन्हा जसाच्या तसा. खरी तोड होते ‘एक्सपंज’ या दुसऱ्या आज्ञेनं. आणि साधं एक्सपंज त्या फोल्डरातले फ्लॅग लागलेले सगळे मेल उडवतं. खूण कोणी केली, कोणत्या कॉम्प्युटरवरून केली, हे विचारत नाही. थंडरबर्डचं ‘कॉम्पॅक्ट’ आयमॅपच्या फोल्डरवर हीच आज्ञा धाडतं. ठरावीक मेलपुरतं एक्सपंज करायची सोय नंतर आयमॅपच्या नियमांच्या एका जोडपत्रानं आली, पण समोरचा प्रोग्राम ती वापरतोच असं धरून चालू नका.

काकांचे मेल परत मिळाले ते नशिबानं. गोदामातला कॉम्प्युटर त्या दिवशी बंद होता. धावत गेलो, आधी नेटची केबल उपटली, मग मशीन चालू केलं. थंडरबर्डनं मेलच्या प्रती डिस्कवर ठेवल्या होत्या, आणि सर्व्हरवर काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता. एकेक मेल फाइल म्हणून बाहेर काढला, मगच केबल लावली. कोणी ‘मेल गेले’ म्हणून फोन केला तर अजूनही माझा पहिला प्रश्न असतो: कोणता कॉम्प्युटर बंद आहे? तो चालू करू नका, मी येतो.

त्यानंतर घरी जुन्या डबड्यावर लिनक्स टाकलं आणि डव्हकॉट हा मेल सर्व्हर बसवला. फुकट आहे, तुम्हीही बसवा. कोर्सवर पैसे घालण्याआधी हे करा. मेल साठवायच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल म्हणजे एक फाइल, आणि फ्लॅग फाइलच्या नावातच दिसतात. वाचला की शेवटी एस हे अक्षर, डिलीटची खूण केली की टी. म्हणजे वाचून खोडलेल्या मेलच्या शेपटाला चक्क ‘एसटी’! पाटी लागली, पण गाडी अजून स्टँडवरच. एक्सपंज झालं की फाइल यादीतून गायब. पुस्तकात चारदा वाचून जे डोक्यात गेलं नव्हतं, ते एका संध्याकाळी गेलं.

कचऱ्याच्या डब्याची गंमत आणखी वेगळी. मेल ‘ट्रॅश’मध्ये जातो तेव्हा जुन्या पद्धतीत आधी त्याची तिकडे प्रत होते, मग मूळावर खूण, मग एक्सपंज. आता मेलबॉक्स काठोकाठ भरला असेल तर प्रत ठेवायलाच जागा नाही. जागा करायला डिलीट करावं, तर डिलीट करायला जागा नाही! मॅनेजरसाहेब या चक्रात दोन दिवस अडकले होते. शिफ्ट दाबून डिलीट केलं की ट्रॅश टळतो. आधी मोठ्या अटॅचमेंटवाले मेल तसे काढले आणि गाडी रुळावर आली. मेल थेट हलवायची ‘मूव्ह’ ही आज्ञा 2013 मध्ये प्रमाण झाली, पण जुने सर्व्हर आपल्याकडे बरेच दिवस चालतात.

पॉप थ्री, म्हणजे सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत, आता कमी दिसतं, तरी गावाकडच्या ऑफिसात भेटेलच. 1996 च्या त्याच्या प्रमाण मसुद्यात डिलीट ही नुसती खूणच आहे. प्रोग्रामनं ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतला तरच सर्व्हर मेल काढतो. मध्येच लाइन गेली तर एकही मेल जात नाही. उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या दिवसांत तेच तीनशे मेल पुन्हा उतरत, आणि लोक ‘व्हायरस आला’ म्हणून माझ्याकडे येत. व्हायरस कसला, महावितरण!

जीमेलला आयमॅपनं जोडलं तर हा हिशेब पुन्हा बदलतो. तिथं फोल्डर म्हणजे लेबल. मूळ सेटिंग न बदलता फोल्डरातून मेल काढला तर तो ‘ऑल मेल’मध्ये शिल्लक राहतो. ट्रॅशमध्ये टाकलेला मात्र 30 दिवसांनी कायमचा जातो. ट्रॅश म्हणजे जपून ठेवायची पेटी समजणारा एक साहेब प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

पुढं नागपुरात सपोर्टच्या मुलाखतीत विचारलं, ‘‘युजर म्हणतो, डिलीट केलेला मेल परत येतो. काय बघशील?’’ मी काकांची गोष्ट सांगितली. साहेब हसले आणि पगाराचं बोलू लागले.

नोकरी सोडायच्या आधी काकांची सेटिंग बदलून दिली. आता झालेल्या कामावर ते चांदणी लावतात. पहिल्या दिवशी बराच वेळ स्क्रीनकडं पाहत राहिले, मग म्हणाले, ‘‘हे तरी राहीन ना बे?’’