एसी सुरू करण्याआधी नळीकडे बघा
होळीनंतर सर्व्हिसिंगवाल्याची तारीख मिळणं मुश्कील, म्हणून फेब्रुवारीतच एसी उघडा. मेन स्विच बंद करून आतल्या फिल्टरच्या जाळ्या काढा आणि उलट्या बाजूने नळाची धार सोडा. धुळीच्या बाजूने सोडली तर धूळ आणखी घट्ट बसते. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. उन्हाळाभर हे दर १५ दिवसांनी.

खरा घोळ एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत असतो. आत शेवाळासारखा चिकट गाळ साचतो आणि ऐन मे महिन्यात भिंतीवर ओघळ येतात. नळीला सलग उतार हवा, टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको. बाहेरच्या युनिटमागे कबुतरांनी काड्या आणल्यात का, तेही बघा.

आणि दरवर्षी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. गॅस वापरून संपत नाही.