बेळगावकरांनो, जैसलमेरच्या वाळवंटात गाडी घालायची तर

पावसात चोर्ला घाट उतरणारा माणूस चिखलाला भीत नाही, पण वाळूचं गणित निराळं. डेझर्ट नॅशनल पार्कला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. परवान्याची चौकशी आदल्या दिवशी जैसलमेरातच करा, टाकीही तिथंच फुल्ल करा. वाळूच्या टेकड्यांचं सम गाव तिथून साधारण 40 किलोमीटर.

डांबर सोडू नका. वाळू उडून रस्त्यावर येते, तिथं जोरात ब्रेक नको. चाक रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू हातानं उकरा, टायरची हवा थोडी कमी करा, पायाखालचे मॅट चाकाखाली सरकवा आणि दुसऱ्या गिअरवर हळूच काढा. डांबरावर आलात की हवा भरून घ्या.

पार्कातल्या सुदासरी भागाकडे सकाळी लवकर जा. जगातले बहुतेक माळढोक आता याच भागात उरलेत. त्यांना उडताना समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतात. फार जीव तुटतो हो. दिसला तर इंजिन बंद करा, खाली उतरू नका, मागे तर मुळीच लागू नका.

वेळ उरला तर बाडमेर रस्त्यावरचं अकल गावचं जीवाश्म उद्यान बघा, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत. वाटेत खायला गोकाकचा करदंट न्या, आणि पाणी भरपूर.