मालकांचा दिवाण नको असेल तर

भाड्याच्या घरात मालकांचा जुना दिवाण किंवा डुगडुगतं डायनिंग टेबल नको असेल, तर ते टोकन देण्याआधीच बोला. किल्ली हातात पडली की मालकांचा उत्साह मावळतो. ‘काका, आमचा बेड आहे, तुमचा दिवाण हलवता येईल का? टेम्पोचं भाडं निम्मं मी देतो,’ एवढं म्हटलं तरी बरेचदा काम होतं.

नाहीच ऐकलं, तर करारातली सामानाची यादी नीट वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५), तेव्हा त्यातच वस्तूंसोबत त्यांची अवस्थाही लिहून घ्या: ‘दिवाण १, डाव्या कडेचं सनमायका उखडलेलं’. फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट परत घेताना हाच फोटो उपयोगी पडतो.

दिवाण आत ठेवायचाच असेल, तर आधी फटींतून टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा आणि पेस्ट कंट्रोलचा खर्च कोणाचा, ते तेव्हाच ठरवा.

सामान बाल्कनीत मात्र ढकलू नका. एका पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि भरपाई तुमच्या माथी येते. आम्ही दिवाण भिंतीशी उभा करून, जुनी चादर गुंडाळून कपाटामागे ठेवला. भंगारवाल्याला द्यायचा मोह होईल, पण मालकांचा लेखी होकार आल्याशिवाय नाही. ‘फोनवर हो म्हणाले होते’ हे वर्षभराने कोणाला आठवत नाही.